नव्या डिस्कची करकर

सौंसरच्या बसस्टँडमागे गुणवंताचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. श्रीधर गुरुजी दिवाळीत वारले, तेव्हा जुना विद्यार्थी म्हणून त्यानं खांदाही दिला होता. आता त्यांची मुलगी सुचिता त्यांचा जुनाट कॉम्प्युटर घेऊन आली.

"बाबांचं लिखाण तेवढं वाचवा, दादा."

आतली हार्ड डिस्क करकर करत होती. गुणवंतानं सगळं नव्या एसएसडीवर उतरवलं आणि जुन्या मशीनला ती चालावी म्हणून मध्ये अडॅप्टर बसवला. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती मुकीच चालते.

बटण दाबताच करकर सुरू झाली.

त्यानं आतला पंखा काढून पाहिला. जुनी डिस्क शेजारच्या दुकानात ठेवून आला. करकर तशीच. भर दुपारी त्याला दुकानात बसवेना. शेवटी त्यानं प्लग ओढला आणि एसएसडी सोडवून तळहातावर घेतली. एकही तार जोडलेली नसताना ती बारीक थरथरत होती, आणि करकर तिच्यातूनच येत होती.

त्यानं सुचिताला फोन लावला. "ताई, सगळं उतरलं. पण आवाज येऊन राहिला."

"येऊ द्या," ती अगदी हळू म्हणाली. "बंद नका पडू देऊ."

"काऊन?"

तेवढ्यात त्याच्या हातातली करकर थांबली.

फोनमध्ये, सुचिताच्या मागे, खुर्ची सरकली. मग वर्गात रोज ऐकलेल्या त्या आवाजानं विचारलं, "कोणं बंद केलं?"