चाकांची बॅग

"आई, उचलायची नाही हं. नुसती ओढत ने," म्हणत हेमंतने बॅग गाडीतून काढून प्रमिलाबाईंच्या पायांशी ठेवली. त्यांच्या पाठीच्या ऑपरेशननंतर शिलाई मशीनसाठी ही चाकांची बॅग त्यानेच आणली होती. सून ती भरून द्यायची आणि दर गुरुवारी हेमंत त्यांना वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये, गोधडीच्या क्लासला सोडायचा. आज मात्र त्याने वाकून नमस्कार केला.

"आज काय रे?"

"असंच."

फरशीवरून बॅग अलगद सरकली. हॉलमध्ये सबनीस आजी सुईत दोरा ओवत होत्या. त्या इथेच राहायच्या.

प्रमिलाबाईंनी चेन उघडली. मशीनभोवती साड्या कोंबल्या होत्या. गोधडीला जुन्या साड्या लागतातच. सुनेने आठवणीने दिल्या म्हणून त्यांना बरं वाटलं. वरची साडी पसरून त्यांनी कात्री हातात घेतली, आणि हात थबकला. ही तर कालच धुऊन घडी घातलेली, रोजच्या नेसणीतली. तिच्याखाली लग्नकार्यात नेसायची नारायणपेठ. त्याखाली औषधांचा डबा. अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली यजमानांची तसबीर.

बॅग एकदा जरी उचलली असती, तरी हाताला कळलं असतं.

बाहेर गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

सबनीस आजींनी मान वर केली नाही. "माझा लेक मला इथे भजनाच्या क्लासला सोडायचा," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजाच्या पेटीलाही त्याने अशीच चाकं लावून दिली होती."