भोंग्यातला वाघ

कौसाबाईची टोपली मोहाच्या फुलांनी अर्धी भरली, तेव्हा नाल्यापलीकडून वाघाची डरकाळी आली. तिनं मानही वर केली नाही. जंगलखात्यानं झाडावर बांधलेला भोंगा रोज अधूनमधून असाच वाघाच्या आवाजात ओरडायचा. त्या धाकानं हरणं आणि रानडुकरं पोटभर चरत नसत, त्यांना पिल्लंही कमी होत. गोळी नको, विष नको, शेतं वाचत होती. गावातल्या बायका तर भोंगा ओरडत असतानाही बिनधास्त मोह वेचत.

शेजारी वाकलेली तिची धाकटी जाऊ वनिता मात्र एकदम थांबली.

"काऊन वं? आज पहिल्यांदा आयकून राह्यली का?" कौसाबाई हसली.

"बाई, आपली बकरी पुन्हा गाभडली ना, पोटातलं पिल्लू पडलं तिचं," वनिता दबक्या आवाजात म्हणाली. "भोंग्याच्या भेवानंच गाभडते, असं हे म्हणत होते."

"मंग?"

"म्हणून काल सांजच्याला त्यायनं भोंगा झाडावरून काढला. कोणाले सांगू नको म्हणे."

कौसाबाईच्या मुठीतली फुलं गळून पडली. "कुठी हाय तो?"

"घरी. खाटेखाली."

दोघी हळूहळू ताठ उभ्या राहिल्या. पलीकडच्या मोहाखाली गावातल्या बाकीच्या बायका वाकून फुलं वेचत होत्या. दुसरी डरकाळी अगदी जवळून आली, आणि त्यांच्यातल्या एकीनंही मान वर केली नाही.