मोटरसायकलवरून लिस्बन

लिस्बनपर्यंतचा रस्ता बायकोने स्वयंपाकघरात दोन हिवाळे खपून लाल पेन्सिलीने आखला होता. तिच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी दर शंभर किलोमीटरला थांबा. "अगं रुम्याना, अशाने पोचेपर्यंत नाताळ उजाडेल!" मी वैतागायचो. "मग तिथेच करू की नाताळ," ती म्हणायची. फेब्रुवारीत ती गेली. मी नकाशावरचा एकही थांबा खोडला नाही. मे महिन्यात सामान बांधून मोटरसायकल दारासमोर आणली. शेजारच्या स्टोयांकामावशींनी रीतीप्रमाणे माझ्यापुढे तांब्याभर पाणी ओतलं, प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून. पाणी उतारावरून कोपऱ्यापर्यंत गेलं. मी इंजिन चालू ठेवून तिथेच. "अरे मेतोदी, पाणी लिस्बनला पोचलं, तू कसली वाट बघतोयस?" मावशी ओरडल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मागे नीट बसली, की रुम्याना माझ्या खांद्यावर दोनदा थापटायची. त्याशिवाय मी कधी निघालोच नव्हतो.