लाल कुपी

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघत प्रयोगशाळेतली मैत्रीण तिला म्हणाली, "अगं, हे मेलेले जिवाणू ना? मग हिरवे कसे?" "लाल रंग घालायचा राहिला," ती म्हणाली. जिवंत-मेलेले ओळखायच्या किटमधला हिरवा रंग सगळ्याच जिवाणूंत शिरतो. लाल फक्त मेलेल्यांत शिरतो आणि तेव्हाच फरक कळतो. या जिवाणूंना सकाळी तिनेच तुलनेसाठी अल्कोहोलात मारलं होतं. हात सवयीने चालत होते, मन कशातच नव्हतं. परवा दादा अपघातात गेला. आई हॉस्पिटलात, हृदयाचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. आईला एवढ्यात कळू द्यायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं. तिने लाल कुपी उघडली, तेवढ्यात फोन वाजला. "दादा फोनच उचलत नाही गं," आई म्हणाली, "जेवला का तो?" पडद्यावर सगळे हिरवेगार चमकत होते. "हो आई, जेवला," म्हणत तिने कुपीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.