शिंगराचा दोर

शिंगरानं तोंड लावल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही, हे नारिन खोऱ्यातल्या कुरणांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक. बुरुलच्या घोडीचं शिंगरू मरून आठवडा झाला होता. बुरुलनंच ते पुरलं होतं.

तरी आज भरदुपारी बादली दुधानं भरलेली, आणि धड उभंही न राहता येणारे बाबा घोडीपाशी बसलेले. बुरुलचं डोकंच फिरलं.

"पडलात तर निस्तरायचं कुणी? तुमचा लाडका लेक येणारे का शहरातून?"

"ओरडू नकोस गं. बुजतंय ते."

"कोण बुजतंय?"

बाबांनी नुसतं बोट दाखवलं.

शिंगराचा दोर खुंट्यापासून घोडीच्या पोटाखालपर्यंत ताणलेला होता. टोकाचा फास अधांतरी, मानेएवढा गोल, लुचताना बसतात तसे हिसके खात होता.