इथे कोणी येत नाही

या, थोडं पुढे सरकून बसा. गोष्ट मांडी बदलायच्या आत संपेल. एका माणसाची मान खाली कशी गेली ते तिच्यात आहे, आणि मान खाली जायची वेळ देव कोणाचीच चुकवत नाही.

प्रदर्शनाच्या दालनात फोटोग्राफर आपल्या फोटोशेजारी उभा होता. छातीवर पहिल्या बक्षिसाची फीत होती. फोटो पुरुषभर उंच. बंद पडलेल्या जुन्या प्रसूतिगृहाचा गोल जिना, वरच्या रंगीत काचेतून उतरलेला उजेड, आणि पायरीपायरीवर वाळकी पानं. खाली मोठी, वर जाताना लहान लहान होत गेलेली. ओसाड इमारतींचेच फोटो काढायचे, हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास. त्यावर त्याचं नाव झालं होतं.

“वाऱ्याचा हात किती हलका असतो बघा,” परीक्षकबाई म्हणाल्या. “माणसाला असं मांडता यायचं नाही.”

“वाट बघावी लागते,” तो म्हणाला. सकाळपासून हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

तेवढ्यात एक म्हातारी सुनेचा हात धरून आत आली. चपला तिने दालनाच्या दाराशीच काढल्या होत्या. ती सरळ फोटोपाशी गेली आणि नाक टेकेल इतकी जवळ उभी राहिली.

“आपलाच जिना गं. हा बघ, हलणारा कठडा. खाली काय लिहिलंय?”

सुनेने वाचून दाखवलं, “इथे कोणी येत नाही.”

“मी येते की.”

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. फोटोग्राफर हसला नाही.

सून ओशाळली. “आई तिथे तीस वर्षं आया होत्या. दवाखाना बंद झाला, पण किल्ली कोणी परत मागितलीच नाही. तेव्हापासून रोज सकाळी जाऊन झाडून-पुसून येतात. किती वेळा सांगितलं, अहो, बंद जागा कशाला झाडायची?”

“बंद आहे म्हणून घाण राहावी, असं कुठे आहे?” म्हातारी म्हणाली. “अर्धं गाव दुपट्यात गुंडाळून त्याच जिन्याने खाली आलंय.”

मग तिची नजर पुन्हा पानांवर गेली आणि चेहरा उतरला. तिने फोटोग्राफरकडे वळून हात जोडले.

“दादा, तुम्हीच काढलात ना हा? चूक झाली माझी. त्या दिवशी झाडून निघाले, आणि खालची खिडकी लावायची राहिली असणार. वारा शिरला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर हा पाचोळा. आणि तुम्ही नेमके तेव्हाच येऊन गेलात. चार माणसांत माझ्या कामाची शोभा झाली बघा. तेव्हापासून संध्याकाळीही एक फेरी मारते. गुडघे कुरकुरतात, पण खिडकी हाताने ओढून बघितल्याशिवाय घास उतरत नाही.”

परीक्षकबाई ऐकत होत्या. सगळेच ऐकत होते. तो गप्प राहिला असता तर काही बिघडणार नव्हतं. फीत छातीवर राहिली असती, आणि ही बाई जिवात जीव असेपर्यंत रोज संध्याकाळी त्या खिडकीपाशी गेली असती. जोडलेले हात अजून त्याच्यासमोर होते. बोटांना झाडूचे घट्टे पडले होते.

“मावशी,” तो म्हणाला, “खिडकी तुम्ही लावली होती. ती उघडून मी आत शिरलो. जिना लख्ख होता. खालची पायरी तर ओलीच होती अजून. मला ओसाड जिना हवा होता. मागच्या अंगणात तुम्ही केर लोटून ठेवला होता, त्यातली पानं निवडून आणली आणि एकेक मांडली.”

त्याने फीत काढून मुठीत घेतली. आता ती मूठ कुठे लपवावी ते त्याला कळेना.

म्हातारी रागावेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती विचार करत होती.

“तरीच,” ती सुनेला म्हणाली. “मी म्हटलं नव्हतं तुला? वाऱ्याने पानं आणली ते ठीक, पण माझी केराची टोपली वरच्या मजल्यावर कशी नेली?”

मग तिने लांब श्वास सोडला आणि गुडघ्यांवरून हात फिरवला.

“चला. संध्याकाळची फेरी सुटली.”

तर मंडळी, कधी एखाद्या रिकाम्या वास्तूत पाऊल टाकाल आणि फरशी स्वच्छ दिसेल, तेव्हा चपला बाहेर काढा, आणि त्या माउलीची आठवण ठेवा.