डोनर

"मंग आंटी, कोणतं फायनल करायचं?" स्किन क्लिनिकच्या निशाने काउंटरवर दोन चकचकीत कागद शेजारी शेजारी ठेवले. "एकात रक्त काढतो, मशीनमध्ये फिरवतो आणि वरचं पिवळं पाणी चेहऱ्यात टोचतो. दुसऱ्यात साल्मन मासोळीपासून बनवलेलं इंजेक्शन. दोन्हीनं स्किन आतून नवीन होते."

कौशल्याबाईंनी चष्मा लावून दोन्ही कागदांवरच्या बायका पाहिल्या. दोघीही पंचविशीच्या होत्या. मग त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं. मोना तयारच होती.

रक्त म्हटलं की डोनर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कौशल्याबाईंचे यजमान शालिकरामजी यांच्या ऑपरेशनला एका बाटलीसाठी घरचं माणूस उभं करावं लागलं होतं. म्हणून या वेळी कौशल्याबाई डोनर सोबतच घेऊन जुनवानीच्या या क्लिनिकला आल्या होत्या. डोनर तरुण होता आणि सकाळी त्याला दूधही पाजलं होतं. लग्नानंतर मोनाच्या वाट्याला आलेलं ते पहिलं दूध.

सौदा घरीच ठरला होता. मोनाचे वडील जामुलला खाटेवर पडून होते. जामुल म्हणजे ऑटोने अर्धा तास, पण दिवाळीपासून तो अर्धा तास मोनाला मिळाला नव्हता. कौशल्याबाईंनी हिशेब घातला की रक्त दिलेली सून आठ दिवस काही कामाची नसते. ती इथे पडून खाणार, त्यापेक्षा माहेरचं खाईल. "रक्त दे आन् तशीच जाय बापाकडे," त्या म्हणाल्या होत्या.

आता त्यांचं बोट मासोळीवर थांबलं.

"हे महाग आहे, म्हंजे चांगलं असंन."

मोना सरळ बसली. सासूच्या चेहऱ्यात तिने इतका रस आजवर कधी घेतला नव्हता.

"आई, मासोळी आहे ते. आज गुरुवार. तुमी त महाराजांचा उपास करता."

"टोचून घेऊन राहिली वं मी, खाऊन नाही राहिली."

मोनाने निशाला विचारलं, "मॅडम, याच्यानं चेहऱ्यावर काही उठते का?"

"बारीक बारीक गाठी येतात. दोन-तीन दिन में बैठ जाते हैं."

"आई, नागपूरच्या मोठ्या आई परवाच येऊन राहिल्या."

कौशल्याबाईंचं बोट उचललं गेलं. जाऊबाई आल्या की आधी पाणी मागत नाहीत, तोंड न्याहाळतात. त्या गाठी मोजतील, आणि नागपूरला परत जाऊन वाढवून सांगतील.

"आन् रक्तवाल्यानं?"

"थोडी लाली येते आंटी. उद्यापर्यंत उतरते."

"मंग रक्तवालंच करा," कौशल्याबाई म्हणाल्या. "सुनेचं घ्या. तरुण आहे, ताजं आहे."

मोनाने हात पुढे केला. असा आनंदाने हात कोणी मेंदी काढायलाच पुढे करतं.

निशा आधी हसली. मग दोघींची तोंडं पाहून थांबली.

"आंटी, रक्त आपलं स्वतःचंच लागतं. दुसऱ्याचं नाही चालत."

"घरचंच आहे न पण."

"घरचंही नाही."

कौशल्याबाई क्षणभर चिडल्या. एवढं दूध वाया गेलं. मग त्यांना शंका आली. "माहं चालते? या वयात?"

"तुमची रिपोर्ट तर मस्त आहे आंटी. हिमोग्लोबिन तेरा."

हे ऐकून लाली आत्ताच आली. त्या उठल्या आणि पदर सावरत आतल्या खोलीकडे निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "तू ऑटो करून घरी जाय. साबुदाणा भिजू घालजो."

"आई, जामुल?"

"रक्त दिलं का तू?"

"मी त द्यालेच आली होती न."

"आली होती हे येगळं खातं, दिलं हे येगळं. तुले काय अशक्तपणा आला आता, की आठ दिवस माहेरी झोपायले पायजे?"

"बाबा विचारून राहिले रोज."

"मंग फोनवर बोल."

आत नर्सने कौशल्याबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. शीर लगेच वर आली, रक्तही भराभर आलं. त्या छताकडे पाहत जाऊबाईंचा विचार करत होत्या.

मोना घरी गेली नव्हती. ती दारातून आत आली, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि सासूच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"ताई, माहंही काढा न थोडंसं," ती नर्सला हळूच म्हणाली. "आईच्या समोर काढा. मंग फेकून द्या."